काडतुसाचा हिशेब लागतो, माणसाचा लागत नाही!



पोलीस खात्यात एक चांगली चाल आहे. शिपायाला बंदूक देताना काडतुसे मोजून देतात आणि परत घेतानाही मोजूनच घेतात. एक काडतूस कमी भरले तर त्या बिचाऱ्याची पाचावर धारण बसते. कोठे झाडले, कोणाच्या हुकमाने झाडले, रिकामी पुंगळी कोठे आहे, याचा कागद करावा लागतो. सरकारी पितळेची केवढी ही काळजी! ही काळजी योग्यच आहे, तिच्याबद्दल आमची तक्रार नाही. आमचा सवाल एवढाच की, त्या काडतुसातून सुटलेली गोळी ज्याच्या छातीत शिरली, त्या माणसाचा हिशेब कोणत्या वहीत लिहितात? ती वही कोण तपासतो? आणि हिशेब चुकला तर भरपाई कोणाकडून वसूल होते?

हा सवाल आम्ही हवेत करीत नाही. आपल्या पवनेच्या काठी तो कित्येक वर्षे उत्तरावाचून पडून आहे.

९ ऑगस्ट २०११ चा दिवस मावळ विसरलेला नाही. पवना धरणाचे पाणी नदीत न सोडता बंद नळातून थेट पिंपरी-चिंचवडला न्यायचे, अशी योजना होती. नदीतून येणारे पाणी रावेतच्या बंधाऱ्यावर शहरासाठी उचलले जाते. तेथपर्यंतच्या वाटेवर कित्येक गावांची पिके, विहिरी आणि गुरेढोरे त्याच पाण्यावर जगतात. नळ झाला की नदी आटणार, आणि नळाच्या वाटेत जमीन जाणार ती निराळीच, ही शेतकऱ्यांची भीती होती. ज्यांच्या वाडवडिलांनी धरणापायी जमिनी घालविल्या, त्यांच्याच बांधावरून पाणी झाकून न्यायचे, हे त्यांना पटेना. म्हणून ते पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर बऊरजवळ रस्ता अडवून उभे राहिले. पोलिसांनी गोळीबार केला. तिघांचे जीव गेले. त्यांत एक बाईमाणूस होते.

पोलिसांचे म्हणणे असे पडले की, जमावाने दगडफेक केली, सबब आम्ही स्वतःच्या बचावासाठी गोळी झाडली. दगडफेक आम्हांलाही मान्य नाही. पण त्याच दिवशी दूरचित्रवाणीवर साऱ्या महाराष्ट्राने एक दृश्य पाहिले: पोलीस रस्त्याकडेला उभ्या असलेल्या रिकाम्या गाड्या फोडीत आहेत. उभी गाडी कोणावर धोंडा टाकते? तिच्यापासून कोणता बचाव करायचा होता? ज्या हातांना गाडीवरचा राग आवरला नाही, त्याच हातांत त्या दिवशी बंदुका होत्या, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे.

पुढे काय झाले? रिवाजाप्रमाणे निवृत्त न्यायमूर्तींचा आयोग बसला. शेतकऱ्यांवरही गुन्हे दाखल झाले. योजनेला स्थगिती मिळाली, ती २०२३ मध्ये उठविण्यात आली. म्हणजे नळाचा निकाल लागला, पण गोळीचा लागला नाही! दर निवडणुकीला मावळच्या गोळीबाराची आठवण सर्व पक्षांना न चुकता होते. जो विरोधात असतो तो अश्रू ढाळतो, जो सत्तेत असतो तो मौन धरतो. खुर्च्या बदलल्या की अश्रू आणि मौन यांचीही अदलाबदल होते. पण गोळी झाडल्याबद्दल कोण तुरुंगात गेला, असे मावळातल्या एखाद्या पारावर विचारून पाहा. लोक तुमच्याच तोंडाकडे पाहत राहतील.

कोणी शहाणा म्हणेल, ते लोक रस्त्यावर उतरले होते. आपण आपल्या घरात दार लावून बसलो तर कसली भीती? बरे, मग घराकडेच चला.

चाकण, महाळुंगे, कुरुळी, निघोजे, भोसरी या पट्ट्यात कारखाने आले. त्यांच्या पाठोपाठ मराठवाड्यातून, विदर्भातून, उत्तरेकडून पोट भरायला माणसे आली. एकेका खोलीत पाच-पाच, सहा-सहा जण राहतात. रात्रपाळीचा येतो तेव्हा दिवसपाळीचा उठून त्याला अंथरूण देतो. १५ ऑगस्ट २०१८ रोजी पिंपरी-चिंचवडला निराळे पोलीस आयुक्तालय झाले, आणि चाकण, आळंदी, तळेगाव ही ठाणी ग्रामीण पोलिसांकडून त्याच्याकडे आली. वस्ती वाढली तशी गुंडगिरीही वाढली, खंडणीवाले वाढले, त्यासाठी पोलीस पाहिजेत यात शंका नाही. पण पोलीस वाढले तसा एक इंग्रजी शब्दही आपल्या वस्त्यांत रुळला: 'कोंबिंग'. इंग्रजीत कोंब म्हणजे फणी. डोक्यातल्या उवा काढण्यासाठी फणी फिरवितात, तशी वस्तीवर रात्री फणी फिरवायची! आता ही फणी कोणत्या डोक्यावर फिरते ते पाहा. बंगल्यांच्या सोसायटीत फाटकावरचा पहारेकरी पोलिसाला आधी नाव विचारतो. चाळीत, झोपडपट्टीत, वडारवाड्यात आणि पारध्याच्या पालावर मात्र दारावर प्रथम लाथ बसते, नाव मागाहून विचारले जाते.

पारधी बांधवांना तर हे नवे नाही. १८७१ साली इंग्रजाने गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि कित्येक जाती जन्मतःच चोर ठरविल्या. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण कायदा कागदावरून गेला तरी अंमलदाराच्या डोक्यातून जायला पिढ्या लागतात. गावात चोरी झाली की पहिली धाड पालावर, हा जुना शिरस्ता अजून मोडलेला नाही.

रात्रीच्या धाडीत काय होते, याचा विचार करा. अंधार असतो. आत झोपलेला माणूस दचकून उठतो. दारात पोलीस आहे की दरोडेखोर, हे त्याला कळत नाही. तो हाताला लागेल ते उचलतो. दारातल्या शिपायाला वाटते, याने हत्यार उचलले. तोही माणूसच, त्यालाही भीती असते. एका क्षणात गोळी सुटते. सकाळी पंचनाम्यात लिहिले जाते, 'इसमाने हल्ला केला, सबब नाइलाजाने गोळी झाडली.' खोलीत असलेल्या दोघांपैकी एक मेलेला असतो आणि दुसरा सरकारी नोकर असतो. साक्ष कोणाची घ्यायची? उंदराला मांजर साक्ष!

आता कायदा काय म्हणतो ते ऐका, कारण तो आपल्याला कोणी सांगत नाही. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या ४३ व्या कलमात स्पष्ट आहे की, ज्याच्यावर फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याचा आरोप नाही, त्याला पकडताना त्याचा जीव घेण्याचा अधिकार त्या कलमाने पोलिसांना मिळत नाही. जुन्या कायद्यातही हेच होते. ३६ व्या कलमाप्रमाणे अटक करणाऱ्या अंमलदाराच्या अंगावर वाचता येईल असे नाव पाहिजे. १०३ व्या कलमाप्रमाणे झडतीला त्याच भागातले दोन प्रतिष्ठित पंच पाहिजेत, घरमालकाला हजर राहण्याचा हक्क आहे, आणि काय नेले त्याची यादी त्याला द्यावी लागते. आणि १०५ वे कलम तर नवे आहे: झडती आणि जप्तीचे चित्रीकरण केले पाहिजे आणि ते विनाविलंब मॅजिस्ट्रेटकडे गेले पाहिजे. ज्या मोबाइलवर आपली पोरे दिवसभर तमाशे पाहतात, त्या मोबाइलचा कायद्याने केलेला हा उपयोग घराघरांत माहीत व्हायला हवा.

आणि गोळीने माणूस मेलाच तर? २३ सप्टेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आपल्याच महाराष्ट्रातल्या चकमकींच्या खटल्यात सोळा नियम घालून दिले. गुन्हा नोंदवा. तपास सी.आय.डी. किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाकडे द्या. पोलीस गोळीबारातल्या प्रत्येक मृत्यूची मॅजिस्ट्रेटकडून चौकशी झालीच पाहिजे. बंदूक तपासणीसाठी जमा करा. घरच्यांना लवकरात लवकर कळवा. चकमकीनंतर लगेच बढत्या आणि शौर्याची बक्षिसे वाटू नका. आणि हे पाळले गेले नाही असे घरच्यांना वाटले, तर त्यांनी त्या भागाच्या सत्र न्यायाधीशाकडे तक्रार करावी.

नियम सोन्यासारखे आहेत. पण त्या निकालाला बरोबर दहा वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, म्हणजे २३ सप्टेंबर २०२४ रोजी, बदलापूर प्रकरणातला आरोपी पोलिसांच्याच गाडीत, पोलिसांच्याच ताब्यात असताना, पोलिसांच्याच गोळीने मेला. दोन चिमुकल्या मुलींवरच्या ज्या अत्याचाराचा त्याच्यावर आरोप होता, तो ऐकून कोणाही आईबापाचे रक्त उकळेल. आमचेही उकळले. कित्येकांनी पेढे वाटले. पण मॅजिस्ट्रेटने चौकशी केली आणि पाच पोलिसांना जबाबदार धरले. तरी गुन्हा नोंदवायला सरकार तयार होईना. अखेर एप्रिल २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला विशेष पथक नेमण्याचा हुकूम द्यावा लागला. दरम्यान मृताचे आईबाप थकले. आम्हांला खटला चालवायचा नाही, असे त्यांनी न्यायालयात सांगून टाकले. गरिबाचा न्याय असा थकव्याने मरतो.

पेढे वाटणाऱ्यांना आमचे एवढेच सांगणे आहे: म्हातारी मेल्याचे दुःख नाही, पण काळ सोकावतो. नराधमाला फाशीच द्यायची होती ना? मग ती न्यायाधीशाने साक्षीपुरावे ऐकून, साऱ्या जगासमोर द्यायला हवी होती. आरोपी मेला, खटला मेला, त्याबरोबर त्या लेकरांना न्यायालयात मिळायचा न्यायही मेला. ज्या बंदुकीला तुम्ही आज हार घालता, ती उद्या तुमच्या रस्त्यावर, तुमच्या दारात येईल तेव्हा तुम्ही सज्जन आहात हे ती विचारणार नाही. बऊरच्या रस्त्यावर मेलेले कोणते गुंड होते?

दुसरा दाखला घ्या. ११ नोव्हेंबर २००६ रोजी वाशीहून एका माणसाला उचलले आणि त्याच संध्याकाळी मुंबईत वर्सोव्याला 'चकमकीत' मारले. लखनभैया म्हणून हा खटला गाजला. त्या माणसावर गुन्ह्यांचे आरोप होते. पण त्याचा भाऊ वकील होता. भावाला उचलल्याचे कळताच त्याने त्याच दिवशी वरिष्ठांना तारा पाठविल्या. त्या तारांच्या वेळा हाच पुढे पुरावा ठरला. तरी २०१३ साल उजाडले तेव्हा १३ पोलिसांसह २१ जणांना जन्मठेप झाली, आणि तेव्हा सुटलेल्या नामांकित 'चकमकफेम' अधिकाऱ्याला उच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये दोषी धरले. सतरा वर्षे! मधल्या काळात डोळ्यांनी पाहणारा साक्षीदार साक्षीच्या तोंडावर नाहीसा झाला आणि त्याचे प्रेत सापडले. वकील भाऊ असून सतरा वर्षे. ज्याचा भाऊ शेतात राबतो, ज्याचा भाऊ यंत्रावर बोटे गमावतो, त्याला किती?

तिसरा दाखला परभणीचा. डिसेंबर २०२४ मध्ये संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, बंद झाला, तोडफोड झाली. मग दलित वस्त्यांत कोंबिंग झाले. घरांत घुसून बायकांनाही मारल्याच्या तक्रारी झाल्या. पकडलेल्यांपैकी वडार समाजातला, कायद्याचे शिक्षण घेणारा एक पस्तीस वर्षांचा तरुण १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मेला. शवविच्छेदनात अनेक जखमांच्या धक्क्याने मृत्यू आल्याचे निघाले. दगड फोडून देवळे आणि रस्ते उभे करणाऱ्या जातीचा तो लेक. त्याची आई मागे हटली नाही, न्यायालयात गेली. जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने पोलिसांवर गुन्हा नोंदविण्याचा हुकूम दिला. त्यावर सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि तेथेही हरले. ध्यानात घ्या, गुन्हा सिद्ध करण्याचा नव्हे, नुसता नोंदविण्याचा हुकूम! आपल्या घरची कोंबडी चोरीला गेली तर जो कागद ठाण्यात लिहून मिळायला पाहिजे, तो मेलेल्या पोरासाठी एका आईला दोन न्यायालयांतून आणावा लागला.

या साऱ्याचे मर्म एकच आहे. कायदा नाही असे नाही, पण कायद्याच्या पेटीची किल्ली ज्याला जाब विचारायचा त्याच्याच कनवटीला खोवलेली आहे. गोळी झाडणारा पोलीस, गुन्हा नोंदविणारा पोलीस, पुरावा गोळा करणारा पोलीस. सरकारी नोकरावर खटला चालवायचा म्हटले तर कलम २१८ खाली सरकारची परवानगी पाहिजे. जमाव पांगविताना गोळी झाडली असेल तर कलम १५१ खाली पुन्हा सरकारचीच परवानगी. २१८ व्या कलमात आता एवढी सुधारणा आहे की, सरकारने १२० दिवसांत निर्णय दिला नाही तर परवानगी मिळाली असे समजायचे. पण रस्त्यावर जमलेल्या शेतकऱ्यांवर गोळी सुटली तर लागणाऱ्या १५१ व्या कलमात ही मुदत लिहिलेली नाही. बंगल्यात राहणाऱ्याला रस्ता अडवावा लागत नाही, त्याचे काम दूरध्वनीवर होते. रस्त्यावर कोण उतरतो आणि मुदत कोणाला नाही, याचा मेळ तुम्हीच घाला.

कोणी विचारील, मग पोलिसांनी मार खावा काय? मुळीच नाही. शिपाई हा कोणाचा पोरगा आहे? तो आपलाच. दोन एकर कोरडवाहू विकून भरतीच्या तयारीला पाठविलेला, चौदा-चौदा तास बंदोबस्तात उभा राहणारा. समोरच्याने खरोखर गोळी झाडली तर त्याने स्वतःचा जीव वाचविलाच पाहिजे. पण खरी चौकशी त्याच्याही फायद्याची आहे. चौकशी झाली तर हुकूम कोणी दिला हे उघड होते. झाली नाही तर हुकूम देणारा पदक घेऊन वर चढतो, आणि पुढे कधी प्रकरण अंगाशी आले की शिपायाला पुढे ढकलतो. ज्या शिपायाने रीतीने काम केले, त्याला चित्रीकरणाची भीती कसली? भीती असेल तर ती हुकूम देणाऱ्याला.

म्हणून आमचे मागणे थोडके आणि सरळ आहे. पोलिसांच्या गोळीने कोणीही मेला की, मागणी न करिता गुन्हा नोंदवा. तपास त्या आयुक्तालयाबाहेरच्या यंत्रणेकडे द्या. १५१ व्या कलमाच्या परवानगीलाही १२० दिवसांची मुदत घाला. घरातल्या झडतीचे चित्रीकरण नसेल तर त्या झडतीवर पोलिसांचा शब्द न्यायालयाने मानू नये, असा कायदा करा. सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या निकालानंतर महाराष्ट्राने २०१४ मध्ये पोलीस तक्रार प्राधिकरण कायद्यात घातले, पण खेड, मावळ, मुळशीत किती जणांनी त्याचे नाव ऐकले आहे? त्याचा पत्ता प्रत्येक ग्रामपंचायतीच्या आणि प्रत्येक पोलीस ठाण्याच्या भिंतीवर ठळक अक्षरांत रंगवा. कुटुंबनियोजनापासून स्वच्छतेपर्यंत भिंती रंगवायला सरकारजवळ रंग असतो, एवढ्यालाच तो कमी पडू नये.

आणि सरकार करील तेव्हा करील, आपण आज काय करावे? दारावर पोलीस आले तर हातघाईवर येऊ नका. मोठ्याने नाव विचारा, कामाचे कारण विचारा, दिवा लावा, शेजाऱ्याला हाक मारा. चाळीत एकाच्या दारावर थाप पडली तर दहा दारे उघडली पाहिजेत. दहा माणसे गप्प उभी राहून पाहत असली तरी लाथेचा जोर अर्धा होतो. झडतीची यादी मागून घ्या. माणसाला नेले तर वेळ आणि गाडीचा नंबर लिहून ठेवा, आणि त्याच घटकेस लेखी अर्ज किंवा संदेश वरिष्ठांना व मॅजिस्ट्रेटला पाठवा. लखनभैयाच्या भावाने काय केले? वेळ लिहून ठेवली! त्या वेळेनेच पुढे बंदुका हरविल्या. जोतीरावांनी आपल्याला विद्या शिका म्हणून सांगितले ते केवळ नोकरीसाठी नव्हे. कागदावर लिहिलेले आपल्याला वाचता यावे आणि आपल्यावर गुदरलेले आपल्याला कागदावर लिहिता यावे, यासाठी.

शिवछत्रपतींनी आपल्या छावणीतल्या अंमलदारांना ताकीद दिली होती की रयतेच्या दाण्याला आणि काडीला हात लावू नका, नाहीतर लोक म्हणतील याहून मोगल बरे. तेव्हा गवताच्या काडीचा हिशेब विचारणारा राजा होता. आज राजा कोणी नाही, रयत स्वतःच मालक आहे असे आपले संविधान सांगते. मग मालकाने आपल्या नोकराला हिशेब विचारायला लाजावे का? काडतुसांची वही त्यांनी खुशाल ठेवावी. माणसांची वही आता आपण ठेवू या. तिचे पहिले पान ९ ऑगस्ट २०११ चे आहे, आणि त्या पानावरची बाकी अजून फिटलेली नाही.